इझमीरहून एक दिवस: एफेसस की पर्गामॉन?

तुर्कस्तानातल्या इझमीरला मुक्काम आहे, जुने अवशेष बघायला एकच दिवस मोकळा आहे, आणि दक्षिणेला एफेसस की उत्तरेला पर्गामॉन हे काही केल्या ठरत नाही, अशा माणसासाठी हे लिहितोय. दोन्ही जागा युनेस्कोच्या यादीत आहेत (पर्गामॉन २०१४ साली, एफेसस २०१५ साली). दोन्हींची छायाचित्रं तुम्ही पाहिलेली असणार, त्यामुळे कुठे किती खांब उभे आहेत यात शिरत नाही. मी दोन्हीकडे फिरलो आहे, आणि पुन्हा इझमीरला जायचा योग आला तेव्हा पाय कुठे वळले हे मला ठाऊक आहे. एफेससला कमी लेखायचा मात्र अजिबात हेतू नाही. ते शहर थोरच आहे.

आपल्याकडच्या सहलींतून जाणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. इस्तंबूल, कप्पाडोकिया, पामुक्कले, कुशादासी असा ठरलेला फेरा असतो. कुशादासीहून एफेसस अगदी जवळ, त्यामुळे ते आपोआप यादीत येतं. पर्गामॉन म्हणजे आजचं बर्गामा गाव, इझमीरच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर. ते त्या फेऱ्याच्या वाटेत येत नाही, म्हणून बहुतेक कार्यक्रमांत नसतं. निवड करावी लागते ती स्वतःचं स्वतः फिरणाऱ्यांना.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती कळली की ही दोन शहरं एकमेकांना जोडली जातात. अलेक्झांडरच्या मागे त्याच्या सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतलं, त्यांतला एक लायसिमॅकस. आज आपण जिथे एफेसस बघतो ती जागा त्याची निवड. जुनी वस्ती आर्टेमिस या ग्रीक देवीच्या देवळाच्या आसपास, सखल भागात होती आणि लोक तिथून हलायला तयार नव्हते. तेव्हा याने जोराच्या पावसाची वाट पाहून गटारं बुजवली आणि गावात पाणी तुंबवलं, असं प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. लोक निमूट नव्या जागी आले. याच लायसिमॅकसने आपला ९,००० टॅलेंटचा (टॅलेंट म्हणजे चांदी तोलायचं त्या काळचं मोठं माप) खजिना उत्तरेकडच्या एका अवघड डोंगरावर, फिलेटायरस नावाच्या विश्वासातल्या माणसाच्या ताब्यात ठेवला होता. तो डोंगर पर्गामॉनचा. फिलेटायरसने पुढे धनी बदलला, खजिना मात्र त्याच्याकडेच राहिला, आणि त्या पैशावर अ‍ॅटॅलिड घराण्याचं राज्य उभं राहिलं. इ.स.पू. १३३ मध्ये शेवटच्या राजाने मृत्युपत्र करून ते रोमला देऊन टाकलं, तोवर दीडशे वर्षं होत आली होती.

म्हणजे एक शहर बंदराचं, व्यापाऱ्यांचं, पुढे रोमन आशिया प्रांताच्या कारभाराचं. दुसरं राजाचं, डोंगरमाथ्यावर बसून सगळं खोरं नजरेखाली ठेवणारं. दोन्हीकडे चालताना हा फरक पायांनाच कळतो.

एफेससच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट ही की तिथे कल्पना फार ताणावी लागत नाही. रस्ता आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती आहेत, कारंजी, दुकानं, स्नानगृह, सार्वजनिक शौचालय, सगळं जागच्या जागी. सेल्ससच्या ग्रंथालयाचं दर्शनी तोंड १९७० च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पडलेले दगड जुळवून पुन्हा उभं केलं. ते पहिल्यांदा समोर येतं तेव्हा माणूस गप्प होतो. मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे ग्रंथालय. वडील आशिया प्रांताचे माजी राज्यपाल, आणि त्यांची शवपेटी ग्रंथालयाच्या खालीच एका कोठडीत. बांधणाऱ्यांनी कडेचे खांब मधल्यांपेक्षा जरा लहान ठेवले, म्हणजे दोन इमारतींच्या बेचक्यात दडपलेली ही वास्तू आहे त्याहून रुंद भासावी. दगडात इतका बारीक विचार केलेला पाहून आजही हात जोडावेसे वाटतात.

आणि उतारावरची श्रीमंतांची घरं. त्यांना वेगळं तिकीट आहे, म्हणून पुष्कळ जण ती टाळतात. टाळू नका. वर मोठं छप्पर घातलंय, आत काचेच्या आणि लोखंडी वाटांवरून चालत तुम्ही लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत डोकावता. भिंतींवर चित्रं, जमिनीवर मोज़ेक, एका मोठ्या दालनाच्या भिंतीवरचं संगमरवरी आवरण तर लाखाहून जास्त तुकड्यांतून जुळवत आणलेलं. तिथे टेबलांवर तुकडे मांडून ठेवलेले दिसतात तेव्हा पुरातत्त्व म्हणजे किती सोशिक काम आहे हे कळतं. संपूर्ण एफेससमध्ये मला मनासारखं उभं राहता आलं ते या छपराखाली.

कारण बाहेर उभं राहता येत नाही. माझ्यापुरता निकाल याच गोष्टीने लावला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एफेससला दोन दरवाजे आहेत. एक वरचा, मॅग्नेशियाच्या वेशीकडचा, आणि एक खालचा, जुन्या बंदराच्या बाजूचा. गाड्या माणसांना वरच्या दरवाजाशी सोडतात आणि खालच्या दरवाजाशी जाऊन थांबतात. बहुतेक जण वरून खाली उतरतात. उन्हात चढ कोण चढणार, म्हणून ते सोयीचंही आहे. कुशादासीला जहाज लागलेलं असलं की सकाळी साडेनऊ-दहापासून दुपारपर्यंत ह्या उतारावर गटांमागून गट वाहत असतात. हर्क्युलिसच्या वेशीपाशी रस्ता मुद्दाम अरुंद केलेला आहे, चाकाच्या गाड्या पुढे जाऊ नयेत म्हणून. तिथे सगळी गर्दी आवळली जाते आणि मग क्युरेटीस रस्त्यावर एकदम मोकळी सुटते. आजूबाजूला पाच-सहा भाषांत माहिती चाललेली, हातात उंच धरलेल्या छत्र्या नि पाट्या, आणि मागून हलका पण सतत रेटा.

हेड्रियन या रोमन सम्राटाच्या देवळासमोर मला थांबायचं होतं. देऊळ लहानसं, पण आतल्या पट्टीवर शहराच्या जन्माची कथा कोरलेली आहे. अँड्रोक्लोस नावाचा राजपुत्र रानडुकराचा पाठलाग करतो आणि जिथे ते मरतं तिथे शहर वसवतो. ही पट्टी म्हणजे प्रतिकृती आहे, मूळ शेजारच्या सेल्चुक गावच्या संग्रहालयात. तरी ती जागेवर, त्या कमानीच्या आत बघण्याची गोष्ट वेगळी. एक आकृती नीट ओळखावी तोवर पुढचा गट येऊन ठेपतो, कुणाच्या तरी छायाचित्रात आपण येतोय म्हणून बाजूला व्हायचं, बाजूला झालं की उतार पुढे नेतो. पुढे ग्रंथालय पाहून झाल्यावर, बंदराकडे जाणारा रस्ता पाहून झाल्यावर, शहराचा नकाशा डोक्यात हळूहळू बसायला लागतो. नेमकं तेव्हा वाटतं की मागे जाऊन ते देऊळ, तो चौक, ती वेस पुन्हा पाहावी. आता अर्थ लागेल. पण मागे जायचं म्हणजे तापलेल्या संगमरवरावरून, चढावर, समोरून येणाऱ्या शेकडो माणसांना चुकवत. मी थोडा चढलो आणि परत फिरलो.

जुनं शहर एकदा बघून कळत नाही. पुढे जावं, काहीतरी उमगावं, मागे यावं, असं दोनतीनदा व्हावं लागतं. एफेसस ते करू देत नाही. कुणाला हे अगदीच क्षुल्लक वाटेल, आणि ते खोटंही नाही. ज्यांना शहराचा एकंदर थाट बघायचा आहे त्यांना एका दिशेने उतरत जाण्यात काहीच अडचण येत नाही, उलट सगळं ओळीने समोर येतं. हिवाळ्यात, किंवा दरवाजा उघडायच्या वेळेला पोचलात, तर माझी ही तक्रार निम्म्याने कमी होईल हेही मान्य. २०२४ पासून उन्हाळ्यात काही रात्री एफेसस उशिरापर्यंत खुलं ठेवायलाही सुरुवात झाली आहे. पण तुमच्याकडे एकच दिवस आहे, आणि त्या दिवशी बंदरात किती जहाजं लागणार हे तुमच्या हातात नाही.

पर्गामॉनला याच्या अगदी उलट. तिथे अडचणी दुसऱ्या आहेत, पण कोणी तुम्हाला पुढे ढकलत नाही.

डोंगरावर जायला पाळण्याची (रोपवेची) सोय आहे. गावाच्या कडेपासून सुरू होऊन तो थेट वरच्या दरवाजापाशी सोडतो. पाळण्यातून खाली बघितलं की एका बाजूला धरणाचं निळं पाणी आणि दुसऱ्या बाजूला लाल कौलांचं गाव. माथ्यावर वारा सणसणतो. उभे आहेत ते मुख्यतः सम्राट ट्रेजनच्या देवळाचे पांढरे खांब. हे देऊळ रोमन काळातलं, हेड्रियनच्या कारकिर्दीत पुरं झालेलं, आणि गेल्या शतकात जर्मन पुरातत्त्वज्ञांनी त्याचा काही भाग पुन्हा उभारला. मला मात्र देवळापेक्षा त्याच्या खालच्या कमानी जास्त आवडल्या. उताराच्या डोंगरावर एवढं सपाट अंगण हवं म्हणून त्यांनी दगडी कमानींच्या रांगा बांधून जमीनच तयार केली. त्या कमानींतून आत चालत जाता येतं. बाहेर रणरणतं ऊन, आत गारवा, आणि डोक्यावर सबंध देवळाचा भार पेलणारा दगड. तिथे कितीही वेळ बसा.

तिथून नाट्यगृहाकडे. इथेच तुलना खरी रंगते. एफेससचं नाट्यगृह प्रचंड, सुमारे २५,००० माणसं बसतील एवढं. आर्टेमिसचे चांदीचे देव्हारे घडवणाऱ्या सोनारांनी संत पॉलच्या विरोधात जिथे दंगा उसळवला, असं बायबलच्या नव्या करारात आहे, ती हीच जागा. पायऱ्या रुंद, चढ सोसवणारा. पर्गामॉनचं नाट्यगृह १०,००० माणसांचं, म्हणजे निम्म्याहून लहान. पण डोंगराच्या कड्यालाच पायऱ्या कोरल्यासारख्या ८० च्या आसपास रांगा खाली कोसळत गेल्या आहेत. वरच्या अरुंद वाटेने एकदम माथ्याच्या रांगेत बाहेर पडलात की रायगडावर टकमक टोकाशी पोटात पडतो तसा खड्डा पडतो. समोर काहीच नाही, फक्त खोरं. आणि रंगमंच? तो कायमचा नव्हताच. खालच्या लांबलचक सज्जावरून डायोनिससच्या देवळाकडे जायचा रस्ता होता, तो अडू नये म्हणून नाटकापुरता लाकडी मंच उभारायचा आणि नंतर काढून ठेवायचा. त्या लाकडी खांबांसाठी दगडात केलेली चौकोनी भोकं आजही ओळीने दिसतात. मी ती बघायला खाली उतरलो, पुन्हा वर आलो, मग आणखी एका बाजूने उतरलो. आसपास तुरळक माणसं होती आणि कुणाच्याही वाटेत मी नव्हतो.

ग्रंथालयाच्या बाबतीत तराजू एफेससकडे झुकतो, निदान डोळ्यांना. पर्गामॉनचं ग्रंथालय प्राचीन जगात अलेक्झांड्रियाच्या खालोखाल गणलं जायचं, त्यात २,००,००० गुंडाळ्या होत्या आणि अँटनीने त्या क्लिओपात्राला देऊन टाकल्या असं प्राचीन चरित्रकार प्लुटार्कने नोंदवलं आहे (तेही अँटनीच्या विरोधकाचा आरोप म्हणून). इजिप्तने पपायरस रोखल्यावर इथल्या लोकांनी कातडं कमावून त्यावर लिहिण्याची कला पुढे नेली, असं परंपरा सांगते. एवढी कीर्ती, आणि जागेवर काय? अथीनाच्या देवळाच्या अंगणामागे काही खोल्यांच्या भिंतींचे पाय. पाटी नसती तर ओलांडून गेलो असतो. एफेससला याच्या कित्येक पट लहान ग्रंथालय आणि जगभर ओळखली जाणारी दर्शनी भिंत. ज्याला डोळ्यांनी बघायला हवं, त्याने हे ध्यानात घ्यावं.

तीच गत झ्यूसच्या वेदीची. पर्गामॉनचं सर्वात मोठं शिल्प पर्गामॉनमध्ये नाही. अ‍ॅटॅलिड घराण्यातला राजा दुसरा युमेनीस याच्या काळातली ही वेदी. देव आणि राक्षसांच्या युद्धाची ११३ मीटर लांबीची पट्टी तिच्याभोवती फिरायची. कार्ल हुमान हा जर्मन अभियंता रस्त्यांच्या कामासाठी या भागात आला होता. गावकरी इथले कोरीव संगमरवर भट्टीत भाजून चुना करताना त्याने पाहिले. पुढे १८७८ पासून खोदकाम झालं, ऑटोमन सरकारशी व्यवहार ठरला आणि वेदीचे तुकडे बर्लिनला गेले. आज डोंगरावर पायऱ्यांचा चौथरा, त्यावर वाढलेले पाइन वृक्ष, आणि शेजारी हुमानची कबर. चौथऱ्यापाशी उभं राहून मला राग आला हे खरं सांगतो. ते तुकडे भट्टीतून वाचले याबद्दल कृतज्ञता वाटते, आणि तरीही ते इथेच हवे होते असंही वाटतं. बर्लिनचं संग्रहालय २०२३ च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी पूर्ण बंद झालं, वेदीचं दालन २०२७ मध्ये उघडायचं ठरलेलं आहे.

एफेससचीही लूट झालीच आहे, पण ती तितकी बोचत नाही. ग्रंथालयाच्या कोनाड्यांतल्या चार स्त्रीमूर्ती प्रतिकृती आहेत, मूळ व्हिएन्नाला. आर्टेमिसचं देऊळ, सात आश्चर्यांतलं एक, त्याचे उरलेसुरले तुकडे लंडनला. तिथे दलदलीच्या खड्ड्यात एक रचून उभा केलेला खांब आणि त्याच्या टोकावर करकोच्याचं घरटं, एवढंच. ते देऊळ शोधायला जॉन टर्टल वूड नावाच्या इंग्रज माणसाला वर्षानुवर्षं लागली. शेवटी नाट्यगृहातल्या एका शिलालेखाने वाट दाखवली. सालुतारिस नावाच्या धनिकाने देवीच्या मिरवणुकीसाठी देणगी दिली होती आणि मिरवणूक कोणत्या वेशीतून जाते-येते हे त्यात कोरलं होतं. वूड त्या वेशीतून निघालेल्या रस्त्याच्या मागावर खोदत गेला आणि १८६९ च्या अगदी अखेरीस देवळाच्या फरशीला पोचला. सेल्चुक स्थानकातून एफेससकडे जाताना हा खड्डा वाटेतच लागतो. पाच मिनिटं थांबाच.

संग्रहालयांचं म्हणाल तर सेल्चुकचं सरस आहे, यात मला काही शंका नाही. आर्टेमिसच्या दोन मूर्ती तिथे समोरासमोर आहेत, १९५६ मध्ये नगरभवनाच्या खोदकामात मिळालेल्या. कोणीतरी त्या काळजीपूर्वक पुरून ठेवल्या होत्या. छातीवरच्या त्या गोल आकारांचं काय करायचं यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. उतारावरच्या घरांतून आलेला हस्तिदंती पट्टा, ग्लॅडिएटरांच्या दफनभूमीतल्या हाडांची मांडणी, हेही तिथेच. बर्गामाचं संग्रहालय १९३६ मध्ये उघडलेलं, लहान आणि जुन्या वळणाचं. पण तिथे एका जलदेवतेची मूर्ती आहे, हातात शिंपला धरलेली. ती अलिआनोई या रोमन काळातल्या उष्ण झऱ्यांच्या स्नानस्थळावरून आली. ते स्थळ यॉर्तानली धरणाच्या पाण्याखाली गेलं. मूर्ती तेवढी वर आली. मी तिच्यासाठी पुन्हा जाईन.

आता पर्गामॉनच्या पारड्यात जे सर्वात जड आहे ते सांगतो, आणि ते डोंगरावर नाही. गावाच्या दुसऱ्या अंगाला, सपाटीवर अस्क्लेपिऑन आहे. वैद्यकाच्या देवाचं स्थान आणि त्याच्याभोवती उभं राहिलेलं रुग्णालय. गॅलेन याच गावचा, इ.स. १२९ मधला जन्म, आणि रोमला जाण्याआधी तो इथे ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. जखमी माणसांवर काम करताना जे शिकला ते त्याने लिहून ठेवलं आणि युरोप व अरब जगाने हजारभर वर्षं ते प्रमाण मानलं. आपल्याकडे हकिमांच्या औषधाला युनानी म्हणतात, तिचीही एक मुळी याच गॅलेनपर्यंत, म्हणजे जालीनूसपर्यंत जाते. हे ठाऊक असून मी तिथे गेलो होतो, तरी जागा पाहिल्यावर अंगावर काटा आला.

उपचार कसे व्हायचे? रुग्ण खांबांच्या रांगांच्या रस्त्याने यायचा. पवित्र झऱ्यात स्नान, चिखलाचे लेप, अनवाणी चालणं, उपास, संगीत, नाटक (३,५०० माणसांचं नाट्यगृह रुग्णालयातच), आणि मग देवाच्या सान्निध्यात झोप. रात्री जे स्वप्न पडेल ते सकाळी पुजाऱ्याला सांगायचं आणि त्यावरून पुढचा उपचार ठरायचा. एलियस अ‍ॅरिस्टायडीस नावाचा वक्ता इथे दीर्घकाळ राहिला आणि आपली स्वप्नं आणि उपचार त्याने तपशीलवार लिहून ठेवले. याच माणसाने १७८ च्या सुमारास भूकंपाने इझमीर उद्ध्वस्त झाल्यावर सम्राट मार्कस ऑरेलियसला पत्र लिहून मदत मिळवली. इझमीरमधला जो अगोरा (जुना बाजारचौक) तुम्ही बघणार आहात, तो त्यानंतर पुन्हा बांधलेला. मुक्कामाच्या गावाशी असा संबंध जुळतो तेव्हा दिवसभराची धूळ सार्थकी लागते.

झऱ्याला आजही पाणी आहे. त्याच्यापासून गोल इमारतीकडे जमिनीखालून सत्तरऐंशी मीटरचा बोगदा जातो, छताला उजेडासाठी झरोके ठेवलेले. त्या बोगद्यातून मी गेलो, आलो, पुन्हा गेलो. एकदा नुसता वेग कमी करून, एकदा झरोक्याखाली थांबून पाण्याचा आवाज ऐकत. एफेससला जे मिळालं नाही ते हेच, मागे वळायची मोकळीक. माझ्या मनात पर्गामॉनचं पारडं इथे खाली गेलं आणि मग ते वर आलं नाही.

गावातली लाल वास्तू, किझिल आवलू, ही वेळ उरला तर बघायची गोष्ट नव्हे, वेळ काढून बघायची आहे. इजिप्शियन देवतांचं विटांचं प्रचंड देऊळ, रोमन काळातलं. अंगण मोठं हवं म्हणून त्यांनी नदी हलवली नाही, नदीवरच अंगण बांधलं. जोड बोगद्यांतून नदी अजून तशीच खालून वाहते आणि वर घरं आहेत. देवळाच्या दोन गोल बुरुजांपैकी एकात मशीद चालू आहे. आधी इजिप्शियन देव सेरापिस, मग चर्च, मग नमाज. एका जागेवर इतके थर आणि तरी शेजारी पोरं क्रिकेटसारखं काहीतरी खेळत असावीत अशी घरगुती शांतता.

पर्गामॉनच्या अडचणी लपवत नाही. डोंगर, अस्क्लेपिऑन, लाल वास्तू आणि संग्रहालय ही चार ठिकाणं चार दिशांना. मधली अंतरं उन्हात चालण्यासारखी नाहीत, टॅक्सी ठरवावी लागते आणि आधी भाडं ठरवून घेतलेलं बरं. तिकिटंही वेगवेगळी. दोनतीन मोठी ठिकाणं बघणार असाल तर एजियन भागाचा संग्रहालय पास पडताळून पाहा, एफेससच्या एका तिकिटाचाच दर परदेशी माणसाला युरोत चांगला जड जातो. इझमीरहून एफेससला जाणं मात्र फार सोपं. बसमाने स्थानकातून सेल्चुकची गाडी, वाटेत विमानतळही लागतो, आणि सेल्चुकहून दोल्मुश (वाटेत माणसं घेत जाणारी छोटी बस) खालच्या दरवाजाशी सोडते. बर्गामाला मोठ्या बसस्थानकावरून बसने दोनेक तास, आणि बस उतरवते ते गावाबाहेर.

जेवणाचं थोडक्यात. सेल्चुक ‘चॉप शिश’साठी प्रसिद्ध, बारीक काड्यांवर भाजलेलं मांस. शाकाहारी असाल तर बर्गामा बरं पडेल. तिथली ‘चिगिर्तमा’ म्हणजे वांगी, टोमॅटो, मिरची आणि भरपूर ऑलिव्ह तेल, सोबत तिथलंच तुलुम चीज आणि ताजा पाव. वांगं खाणाऱ्या मराठी माणसाची त्यात कुचंबणा होत नाही.

मग कोणी कुठे जावं? रोमन शहर आयुष्यात पहिल्यांदाच बघणार असाल, बरोबर लहान मुलं असतील, किंवा घरातल्या ज्येष्ठांचे गुडघे कुरकुरत असतील, तर एफेसस. उतार आहे, पाट्या चांगल्या आहेत, आणि ग्रंथालयासमोर कुणाचीही निराशा होत नाही. ख्रिस्ती श्रद्धेने जाणाऱ्यांना तर डोंगरावरचं मेरीचं घर आणि संत जॉनचं चर्च यांच्यापुढे दुसरा विचारच नको. मात्र पहाटेची गाडी पकडा, वरच्या दरवाजाने आत शिरा आणि उतारावरच्या घरांचं तिकीट काढाच.

पण पाँपेई, रोम, जेराश असं काही आधी पाहिलं असेल, किंवा गडकोट फिरायची सवय असेल, थोडं वाचून जायची तयारी असेल, तर मी विचारपूर्वक सांगेन, बर्गामाची बस पकडा. सकाळी ऊन चढण्याआधी डोंगर, दुपारी गावात वांगी आणि संग्रहालय, मग लाल वास्तू, आणि अस्क्लेपिऑन शेवटी, ऊन तिरपं झाल्यावर. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा, म्हणजे बोगद्यात घाई होणार नाही.